सामाईक कढई

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा पाटा आमच्याकडे आला आणि वरवंटा काकांकडे गेला. ही थट्टा नाही. वाटणी करायला पारशिवनीहून मामाआजोबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मामा, आले होते. त्यांना जेवणाची घाई होती, आणि बाबा आणि काका हे दोघे सख्खे भाऊ एकमेकांकडे पाठ करून अंगणात बसले होते. मामाआजोबांनी सगळी भांडी मांडायला लावली आणि ‘एक इकडं, एक तिकडं’ असा न्याय सुरू केला. समया झाल्या, बादल्या झाल्या, परातीही झाल्या. पाटा-वरवंट्यापाशी येईपर्यंत त्यांचा हात असा काही बसला होता की दोन वस्तू दिसल्या आणि त्यांनी एक इकडे ढकलली, एक तिकडे. कोणी हरकत घेतली नाही, कारण हरकत घ्यायची तर दोघा भावांना एकमेकांशी बोलावं लागलं असतं. पुढे कित्येक वर्षं आमच्याकडे पाटा होता आणि त्यावर फिरवायला काही नव्हतं, तिकडे वरवंटा होता आणि तो फिरवायचा कशावर हा प्रश्न होता. अर्थात हा प्रश्न फक्त पुरुषांपुढे होता. चटणी दोन्ही घरांत रोज वाटली जात होती आणि ती कशी वाटली जाते हे विचारायचं कोणत्याही पुरुषाला सुचलं नाही.

सगळ्यात शेवटी उरली ती कढई. तिला जोड नव्हती. आजीनं माहेरहून आणलेली, जाड लोखंडाची, दोन कानांची आणि एवढी मोठी की लहानपणी मला तीत बसवून अंघोळ घातल्याचं माय सांगत असे. मामाआजोबांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “हे सामाईक राहीन. ज्यानं हे चुलीवर चढवली त्यानं पहिला घाणा दुसऱ्या घरी पाठवायचा. नाही पाठवला तर मी पारशिवनीहून येऊन कढई घेऊन जाईन. काय गा, मंजूर?” बाबांनी मान हलवली. काकांनी पण हलवली. ‘एवढंच ना,’ असं दोघांनाही वाटलं असणार. आपण काय कबूल केलं हे दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही.

आमचं घर नागपुरात, टिमकीत, विणकरांच्या वस्तीत. पुढच्या लांबट खोलीत बाबांचा हातमाग, मागे स्वयंपाकघर, त्याच्या मागे अंगण, आणि वाटणीनंतर अंगणाच्या मधोमध बांबूचा तट्टा. तट्ट्यापलीकडे काका, सुशीलाकाकू आणि माझ्याच वयाची चुलतबहीण उषा. भांडणाचं कारण विचाराल तर एका लग्नाच्या मांडवात काकांनी चारचौघांत म्हटलं, “दादा, लुगडे आता नेसते कोण? माग विकून टाक अन् मिलमध्ये लाग.” काका तेव्हा नुकतेच कापडाच्या मिलमध्ये लागले होते. बाबांनी उत्तर दिलं, “भोंगा वाजला की कुत्र्यासारखा पळते, अन् मले शिकवून राहिला.” जिलबीची पंगत तशीच राहिली. घरी येईपर्यंत त्यात आजोबांची जुनी भांडणंही सापडली आणि महिन्याभरात तट्टा उभा राहिला. त्यानंतर येणं-जाणं बंद, बोलणं बंद, बायकांचं आणि पोरींचंसुद्धा. काका रात्रपाळी करून दुपारी झोपले की बाबांच्या मागाचा धोटा नेमका त्याच वेळी जोरात धावायचा. खटाक-खटाक, खटाक-खटाक. एरवी सकाळी हातात चहाची बशी घेऊन आळोखेपिळोखे देणारा हा माणूस भर दुपारी इतका कष्टाळू कसा होतो, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं.

माझी माय आणि सुशीलाकाकू यांचं मात्र भांडण नव्हतं. त्या दोघी एकाच घरात नांदायला आल्या, एकीनं दुसरीची बाळंतपणं केली, आणि सासूच्या तोंडाचा पट्टा दोघींनी मिळून झेलला. काकूला माहेरी कोणी उरलं नव्हतं आणि मायचं माहेर भिवापूरला, वर्षातून एकदा जायचं तेही मिरच्यांच्या पोत्याबरोबर परत यायचं. या नागपुरात दोघींना दोघीच. नवऱ्यांनी बोलणं बंद केलं तेव्हा माय दोन दिवस जेवली नाही आणि तिसऱ्या दिवशी तिनं कढई चढवली. मामाआजोबांची आज्ञाच होती ना. कढई ज्या घरी असेल तिथून दुसऱ्या घरी न्यायची तर तट्ट्याला मागच्या भिंतीपाशी जी फट ठेवली होती तिथून न्यावी लागे, आणि तिला दोन कान असल्यामुळे एक कान मायच्या हातात, एक काकूच्या. कढई जड होती हे खरं. पण ती एवढी जड नव्हती की फटीतून पलीकडे जायला तिला अर्धा तास लागावा. दोघी वाकून, पदर सांभाळत, एक-एक कान धरून उभ्या, आणि मधे कढई लटकलेली. मी आणि उषा पहाऱ्याला. बाबांचा धोटा थांबला की मी खोकायची. पाटा-वरवंटाही याच फटीतून कढईत बसून फिरायचे.

त्यामुळे आमच्या दोन घरांत जेवढे भजे झाले तेवढे अख्ख्या टिमकीत झाले नसतील. पाहुणे आले, भजे. पाहुणे गेले, भजे. आभाळ भरून आलं की भजे, आणि भरलेलं आभाळ न बरसताच निघून गेलं तर त्याच्या निषेधार्थ भजे. बाबांना वाटे, आपल्या बायकोला भज्यांचं वेड लागलं. काकांनाही त्यांच्या बायकोबद्दल असंच वाटे. दोघेही हे वेड आनंदानं खात.

आता भज्यांचं सांगते, नाही तर वाचणारा म्हणेल बाई भांडणंच सांगत सुटली. विणकराच्या घरात पिठाची परीक्षा खळीवरून व्हायची. बाबा ताण्याच्या उभ्या सुताला भाताची खळ लावत; ती पातळ झाली तर सूत तुटतं आणि घट्ट झाली तर सूत चिकटतं. खळीत बोट बुडवून वर धरायचं आणि थेंब बोटावरून एकटा, जरा विचार करून सुटला पाहिजे, धार लागता कामा नये. माय बेसनाचंही तसंच पाही. चण्याचं बेसन, त्यात मूठभर तांदळाचं पीठ, हळद, मीठ, हातावर चोळलेला ओवा, भिवापुरी मिरचीचं तिखट, आणि शेवटी पळीभर कडकडीत फल्लीतेलाचं, म्हणजे शेंगदाण्याच्या तेलाचं, मोहन. ते पिठावर ओतलं की चर्र आवाज होई आणि मांजर माळ्यावर पळे. सोडा आमच्याकडे चालत नसे. “सोडा टाकला की भजं फुगते, अन् आतून पाहाल तर पोकळ, तुह्या काकासारखं,” असं माय म्हणायची. तिकडे काकू उषाला हेच सांगताना ‘तुह्या मोठ्या बाबासारखं’ म्हणायची, हे उषानं मला नंतर सांगितलं.

पिठात बुडवायला काय, तर हाताला लागेल ते. कांद्याच्या चकत्या, वांग्याचे काप, आलू, कोहळं, मधे चीर देऊन ओव्या-मिठानं भरलेल्या मिरच्या. पण राजा म्हणजे मायाळूचं पान. मायाळूचा वेल मायनं आमच्या बाजूला लावला होता आणि तो तट्ट्यावर चढून बिनदिक्कत पलीकडे उतरला होता. मूळ आमचं, पानं त्यांची. बाबा एकदा विळा घेऊन निघाले होते की वेल माझा आहे, तो तिकडे जातोच कसा. माय म्हणाली, “कापा ना जी. मंग भजे कशाचे खासान?” विळा परत गेला. मायाळूचं जाड, तुळतुळीत पान पिठात एकदाच बुडवायचं, दोनदा नाही, आणि देठाला धरून तेलात सोडायचं. कडा पापडासारख्या कुडकुडीत झाल्या पाहिजेत आणि आतलं पान ओलंच राहिलं पाहिजे. झाल्याची खूण डोळ्यांना नसते, कानाला असते. आधी तेल बडबडतं, मग कुजबुजतं, आणि कुजबुज थांबायच्या आत झारा घालायचा. परवा सुनेनं बिनतेलाचं तळायचं यंत्र आणलं आणि मला मायाळूचं पान त्यात ठेवायला लावलं. यंत्रानं टुणटुण वाजवून झाल्याचं कळवलं. पान वाळलं होतं, वहीत ठेवल्यावर वाळतं तसं. मी ‘छान झालं’ म्हणाले, कारण यंत्र महागाचं होतं आणि सून चांगली आहे.

आणखी एक चाल होती आणि तिच्यावर पुढचं सगळं उभं आहे. आखाडात, म्हणजे आषाढ महिन्यात, एक दिवस ‘आखाड तळायचा’ असे. त्या दिवशीचं तळण आधी चुलीतल्या विस्तवाला, मग देवाला, आणि मग माणसांना. नैवेद्य होईपर्यंत जिभेला काही लावायचं नाही. पीठ चाखायचं नाही, चुरा तोंडात टाकायचा नाही, बोटसुद्धा चाटायचं नाही. आजीनं ही शिस्त दोन्ही सुनांना उलथण्याचा मार देऊन शिकवली होती. मीठ हाताच्या अंदाजानंच पडायचं आणि ते कधी चुकत नसे. चुकलं असतं तरी सगळ्यांआधी खाणाऱ्या देवानं कधी तक्रार केली नसती, तो फार सोशिक गडी आहे.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना काकांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनीषनगरात प्लॉट घेतला. आज तिथे जाऊन पाहा, गाडी लावायला जागा मिळत नाही. तेव्हा तिथे तुरीची शेतं होती, आखणीचे दगड होते आणि एका खांबावर लेआउटची पाटी होती, ती कोणीतरी उलटी ठोकलेली. त्या उजाडात काकांनी दोन खोल्या बांधल्या. टिमकीतला आपला अर्धा भाग ते भाड्यानं देणार होते. जायचं ठरलं तसं एके दिवशी त्यांनी अंगणात उभं राहून, तट्ट्याकडे पाहत, आभाळाला सांगितलं, “आपल्या मायच्या हातची कढई मी घेऊन जाईन. लहान पोराचा हक्क असते.” आमच्या बाजूनं बाबांनी आभाळालाच उत्तर दिलं, “मोठा जित्ता आहे म्हणा अजून.”

त्या संध्याकाळी माय चुलीपुढे नुसती बसून होती. मी विचारलं, “माय, काय झालं वं?” ती म्हणाली, “कढई कोण्या एकाची झाली की संपलं पोरी. मंग पहिला घाणा कोण कोणाले पाठवते? एवढ्या दूर ते मले जाऊ देतीन काय, अन् तिले येऊ देतीन काय?” मग तिनं पदरानं नाक पुसलं आणि मला कांदा चिरायला दिला, म्हणजे दोघींनाही रडायला निमित्त मिळालं. मलाही उषाचं वाईट वाटत होतं. आम्ही दोघी एकाच शाळेत, एकाच बाकावर बसायचो. बाकापर्यंत आमच्या बापांचा तट्टा पोचला नव्हता. पण ती आता शाळा बदलणार होती.

मामाआजोबांना पुन्हा बोलावणं गेलं. ते आखाड तळायच्या दिवशीच आले, हा काही योगायोग नव्हता. बैलगाडी, एसटी आणि सायकलरिक्षा असं करत आले, पाय धुतले आणि दोन्ही भाच्यांचं म्हणणं ऐकून घेतलं. दोघे पुन्हा पाठीला पाठ लावून बसलेले, त्यामुळे म्हाताऱ्याला एकदा इकडून आणि एकदा तिकडून ऐकावं लागलं. मग ते म्हणाले, “कढई काही कापता येत नाही. तवा आज दोघी सुना याच कढईत भजे तळतीन. जिचे भजे जास्त चांगले, कढई तिच्या घरी. मंग रडायचं नाही. काय गा?”

बाबा ताडकन उठले. आयुष्यात ज्या माणसानं पाणीसुद्धा स्वतः घेऊन प्यायलं नाही तो स्वयंपाकघरात शिरला आणि पिठात बोट बुडवून म्हणाला, “खळ पातळ आहे.” माय म्हणाली, “हात धुतला होता काय?” तो प्रश्न त्यांना ऐकूच आला नाही. ते वांगी दाबून पाहत होते, चुलीत फुंकर घालत होते, मिरच्या भिवापूरच्याच आहेत ना हे मिरच्यांनाच विचारल्यासारखं करत होते. पलीकडेही तेच चाललं असणार, कारण काकांचा आवाज ऐकू येत होता, “सुशीला, पानं नीट पुसून घे, पानं!” आणि थोड्या वेळानं काकूचा, “तुमी बाहीर बसता काय जरा?” मायनं पीठ कालवलं, ओवा चोळला, मोहन ओतलं, आणि हात धुऊन टाकला. तिचा चेहरा असा होता की मी तिच्याशी बोलायची हिंमत केली नाही. जिंकली तरी काकू जाणार आणि हरली तरी काकू जाणार, मग एवढं काय मन लावून करते आहे, असं मला वाटलं. मला तिचा रागही आला.

अंगणात तट्ट्याच्या फटीपाशी तीन दगडांची चूल मांडली आणि कढई चढली. मोठी म्हणून माय आधी बसली. पहिलं भजं विस्तवाला टाकलं, मग मायाळूची पानं एकेक करून तेलात गेली. तेल बडबडलं, कुजबुजलं, आणि झारा फिरला. परातीत पडताना भज्यांचा असा खळखळ आवाज होत होता की मामाआजोबांनी डोळे मिटून मान डोलावली. बाबांनी तट्ट्याकडे पाहून मिशीला पीळ दिला. मग माय उठली आणि काकू बसली. तेच तेल, तीच पानं, आणि तसाच आवाज. दोघी एकमेकींकडे पाहत नव्हत्या. दोन्ही ताटल्या देवापुढे ठेवल्या, पाणी फिरवलं, देवानं नेहमीप्रमाणे काही म्हटलं नाही, आणि ताटल्या मामाआजोबांपुढे आल्या.

त्यांनी मायच्या ताटलीतलं पान उचललं. कुर्रम, असा आवाज फाटकापर्यंत गेला. ते चावायला लागले आणि चावता चावता थांबले. भुवया वर गेल्या. घास गिळून त्यांनी काकूच्या ताटलीला हात घातला. पुन्हा कुर्रम. पुन्हा थांबले. मग त्यांनी एक भजं उजव्या हातात, एक डाव्या हातात धरलं आणि दोन्हींकडे आळीपाळीनं पाहायला लागले.

“काय झालं मामा?” बाबांनी विचारलं.

“मीठ नाही.”

“कोणाच्यात?” दोन्ही भाऊ एकदमच म्हणाले आणि दोघांचेही डोळे चमकले.

“दोघीच्याही!”

बाबांनी झडप घालून आपल्या बायकोचं भजं तोंडात टाकलं. काकांनी आपल्या बायकोचं. मग बाबांनी शहानिशा करायला काकूचं, आणि काकांनी मायचं. आणि मग ते घडलं जे मामाआजोबांच्या साऱ्या न्यायानिवाड्यांनी घडलं नव्हतं. बाबा चवताळून सरळ काकांकडे वळले आणि म्हणाले, “इतक्या वर्षांत कधी असं झालं होतं काय गा, गजा?”

“कधीच नाही ना दादा!” काका म्हणाले. “एक विसरली तर समजलो असतो. दोघी?”

“भैताडासारखं, येड्यासारखं! आखाडाच्या दिवशी!”

“आपल्या मायनं उलथणं घेतलं असतं आज!”

दोन भाऊ कित्येक वर्षांनंतर एकमेकांशी बोलत होते, आणि ते बायकांना शिव्या देण्यासाठी बोलत होते. एवढं एकमत मी त्यांचं आधी पाहिलं नव्हतं, नंतरही फारसं पाहिलं नाही. उषा आणि मी तोंडावर हात दाबून हसत होतो. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. फटीपाशी या दोघींचं ठरलं असणार! कोणीच जिंकायचं नाही, म्हणजे कढई कोणाचीच होणार नाही. काय डोकं आहे, मी म्हटलं मनात. मायचा आलेला राग कुठल्या कुठे गेला.

मामाआजोबांनी दोन्ही सुनांकडे नीट पाहून घेतलं. दोघींचे पदर डोक्यावरून नाकापर्यंत आलेले. “काहून वं सुनबाई, मीठ कुठी गेलं?” त्यांनी मायला विचारलं.

पदराआडून माय म्हणाली, “चाखायची चाल नाही ना जी आपल्याकडं. कळन कसं?”

“अन् तुवं काय, धाकटे?”

“माह्यंही तेच जी,” काकू म्हणाली, आणि तिचा आवाज मला विचित्र वाटला. मायनं तिच्याकडे चमकून पाहिलं होतं, तेही मला आठवतं. पण मी तेव्हा माझ्याच हुशारीवर खूश होते, आणि अशा वेळी माणूस फारसं पाहत नाही.

म्हाताऱ्यानं मिठाची वाटी मागवली. दोन्ही ताटल्यांवर चिमटी चिमटी मीठ भुरभुरवलं आणि शांतपणे, एक इकडचं, एक तिकडचं, असं करत सगळे भजे संपवले. आम्हाला कोणाला विचारलंसुद्धा नाही. मग ढेकर देऊन निकाल सांगितला. “कोणी जिंकलं नाही. कढई सामाईकच राहीन. आखाडापासून संक्रांतीपर्यंत एका घरी, मंग दुसऱ्या घरी. अन् पोट्ट्यापाट्ट्यांच्या हातून पाठवायची नाही, सुनेनं सोता घेऊन यायची, अन् पहिला घाणा दोघीनं मिळून काढायचा. माह्या बहिणीची कढई आहे ते.” बाबांनी आणि काकांनी पुन्हा मान हलवली. या दोघांना कशावर मान हलवू नये हे शेवटपर्यंत समजलं नाही.

काका मनीषनगरात गेले आणि त्या संक्रांतीला माय पहिल्यांदा कढई घेऊन तिकडे गेली. मी बरोबर होते. रिक्षावाला रेल्वे फाटकाशी आला आणि पुढे रस्ताच नाही म्हणून अडून बसला, तेव्हा तुरीच्या शेतातून कढईचा एक कान मायनं आणि एक मी धरून नेली. काकू दारात उभी होती. दोघी तिथेच एकमेकींच्या गळ्यात पडल्या आणि कढई माझ्या पायावर पडली. घरात काका नव्हते, ऐकायला कोणी नव्हतं, कितीही बोला. दोघींनी आम्हा पोरींना अंगणात हाकललं आणि आत चूल पेटवली. थोड्या वेळानं आतून हसण्याचा आवाज आला. आधी साधा, मग असा की उषा आणि मी एकमेकींकडे पाहायला लागलो. मधेच तो रडण्यासारखा झाला, पुन्हा हसण्यासारखा झाला, आणि मग जळका वास आला. धावत आत गेलो तर कढईत अख्खा घाणा कोळसा झालेला आणि दोघी जमिनीवर बसून एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून गदगद हलताहेत. “काय झालं?” विचारलं तर माय म्हणाली, “काही नाही वं, भजे जळले.” मायचे भजे जळल्याचं मी आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

त्यानंतर कढई येत-जात राहिली. काकांची मिल बंद पडली, बाबांचा मागही बंद पडला, म्हणजे मांडवातलं ते भांडण दोघेही हरले. मामाआजोबा गेले. बाबा आणि काका भज्यांच्या दिवशी एका खोलीत बसायला लागले, क्वचित हवापाण्याचं बोलायचे, आणि मीठ बरोबर असलं की एकमेकांकडे पाहून मान हलवायचे. मग तेही एकामागोमाग गेले. बायका मात्र दरवर्षी कढईचे कान धरून या घरातून त्या घरात. मी ही मिठाची गोष्ट माझ्या मुलांना सांगितली, मैत्रिणींना सांगितली. दोन अशिक्षित बायकांनी फटीतून कट करून पुरुषांना कसं मूर्ख बनवलं, असं रंगवून सांगायची. लोक हसायचे.

मग सुशीलाकाकू गेली. माय तेव्हा माझ्याकडे राहत होती आणि त्या वर्षी कढई आमच्याकडेच होती. आखाड आला तेव्हा मला वाटलं यंदा राहू द्यावं, पण माय म्हणाली, चढव. तिला आता जमिनीवर बसता येत नव्हतं, म्हणून ती खुर्चीवर आणि मी गॅसपुढे. मायाळूचा वेल आता माझ्या बाल्कनीत, कुंडीत. मी पीठ कालवलं, बोट बुडवून थेंब दाखवला, तिनं मान डोलावली. मिठाला हात घातला तशी म्हणाली, “राहू दे. नको टाकू.”

मला हसू आलं. म्हटलं, “माय, खरं सांग आता. त्या दिवशी फटीपाशी कधी ठरवलं तुम्ही दोघींनी?”

“ठरवलं कुठी वं?” ती म्हणाली. “महिनाभर तर बोलू नाही देल्लं आमाले. तुहा बाप दिवसाही फटीपाशी खाट टाकून झोपे.”

“मग दोघींच्याही भज्यांत मीठ कसं नव्हतं?”

माय कढईतल्या तेलाकडे पाहत बोलायला लागली. “त्या उजाडात ते एकटी राहायले जाणार होती. ना शेजार, ना माणूस. मी म्हटलं, कढई तरी जाऊ दे तिच्यासंगं, सासूचं काहीतरी राहीन घरात. म्हणून मी हरायले बसली होती. अन् ते भैताड, माह्यासाठी हरायले बसली होती. मनीषनगरात गेलो तवा कळलं एकमेकीले. ते म्हणे, बाई, मी तर जाऊनच राहिली होती, कढई तुमच्याजवळ राहावं म्हटलं.”

मी पानं तेलात सोडली. तेल बडबडलं, कुजबुजलं, मी झारा फिरवला. पहिलं भजं गॅसच्या ज्योतीत धरलं, दुसरं देवापुढे ठेवलं, आणि ताटली मायच्या मांडीवर दिली. तिनं पान उचलून अर्धं मोडलं. कुर्रम असा आवाज झाला. मी सवयीनं मिठाची वाटी पुढे केली, तर तिनं ताटलीवर हात आडवा धरला, आणि तशीच अळणी पानं, एकेक करून, सगळी खाल्ली.